यंत्राची नाडी आणि तबकडीचा कांटा

वैद्य रोग्याचें मनगट धरून बसला म्हणजे घरांतील माणसें त्याच्या मुखाकडे पाहात राहतात. नाडी त्यांस कळत नाहीं; वैद्याचा चेहरा मात्र कळतो. संगणकाचेंही असेंच आहे. पेटीच्या आंत काय चाललें आहे तें बाहेरून दिसत नाहीं. यास्तव पडद्याच्या एका कोपऱ्यांत मोटारीच्या वेगदर्शकासारख्या वाटोळ्या तबकड्या मांडून आंतील उष्णता, कामाचा भार व स्मृतीचा उपयोग यांचे चालते आंकडे दाखविण्याची युक्ति जाणत्यांनीं काढिली आहे. आमच्या संगणकवर्गांत आम्हीं ती करून पाहिली. तींत आमच्या हातून एक चूक घडली. तीही येथें सांगूं, कारण तिच्यापासूनच आम्ही अधिक शिकलों.

आमचीं यंत्रें लिनक्स या प्रणालीवर चालतात. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तिचा आरंभ केला. या प्रणालींत ‘प्रॉक’ नांवाचें एक चमत्कारिक दप्तर आहे. त्यांतील बहुतेक फाइलींचा आकार शून्य दिसतो. परंतु एकादी उघडतांच प्रणालीचा गाभा, ज्यास कर्नेल म्हणतात, तो त्याच क्षणीं मजकूर सिद्ध करून हातीं देतो. ‘सिस’ नांवाच्या दुसऱ्या दप्तरांत उष्णतामापकाचा आंकडा मिळतो. तो अंशाच्या सहस्रांशांत असतो. ५२००० असा आंकडा आला तर ५२ अंश सेल्सिअस समजावें.

हे आंकडे काढण्यास स्क्रिप्ट लिहितात. स्क्रिप्ट म्हणजे आज्ञांची चिठ्ठी: अमुक फाइल वाच, हजारानें भाग, येईल तें सांग. ‘काँकी’ नांवाचा कार्यक्रम ही चिठ्ठी ठराविक सेकंदांनीं पुन्हां पुन्हां चालवितो, आणि उत्तर ० ते १०० यांच्या दरम्यान असेल तर त्या मानानें तबकडीचा कांटा फिरवितो. म्हणून प्रत्येक आंकडा शंभराच्या मापांत बसविणें हें चिठ्ठी लिहिणाराचें काम. उदाहरणार्थ, भाराचे तीन आंकडे मिळतात: गेल्या १, ५ व १५ मिनिटांची सरासरी. यंत्राच्या प्रक्रियकांत ४ कोअर असून भार २ असेल, तर कांटा ५० वर यावा. भार ४ च्या वर गेला कीं सामान्यतः कामांची रांग लागली असें समजावें, व कांटा १०० वरच थांबवावा.

प्रक्रियक किती गुंतला आहे हें काढणें याहून युक्तीचें आहे. तेथील आंकडे यंत्र सुरू झाल्यापासूनचे असून विजेच्या मीटरासारखे वाढत जातात. मीटर एकदां पाहून आजचा खर्च कळत नाहीं. दोनदां वाचून वजाबाकी करावी लागते. तसेंच येथें. स्मृतीच्या बाबतींतही नवशिके फसतात. ‘मोकळी’ स्मृति थोडी दिसली कीं ते घाबरतात; पण लिनक्स रिकामी जागा वाचलेल्या फाइलींच्या प्रती ठेवण्यास वापरतें आणि गरज पडतांच ती सोडून देतें. यास्तव २०१४ सालच्या ३.१४ या आवृत्तीपासून ‘उपलब्ध’ स्मृतीचा निराळा आंकडा देण्यांत येतो. कांटा त्यावर बसवावा.

आतां आमची चूक. गेल्या एप्रिल महिन्यांत तिघे विद्यार्थी एका यंत्रावर वार्षिकासाठीं निबंध लिहीत होते. उष्णतेचा कांटा शून्यावर होता. यंत्र थंडगार आहे म्हणून मुलें हंसलीं, आणि आम्हीही तिकडे पाहून पुढें गेलों. अर्ध्या तासानें यंत्र एकाएकीं बंद पडलें. पेटी उघडली तों धुळीनें पंखा फिरेनासा झाला होता. अति तापल्यामुळें यंत्राच्या अंगच्या रक्षणव्यवस्थेनें तें बंद केलें होतें. जतन न केलेला सारा मजकूर गेला. मग कांटा शून्यावर कां? दोन दिवसांपूर्वीं प्रणालीची नवी आवृत्ति बसविली होती, आणि तींत मापकाच्या फाइलीचा क्रमांक बदलला होता. आमच्या चिठ्ठीस फाइल सांपडली नाहीं. तिनें ‘कांहीं नाहीं’ यासच हजारानें भागून ० हें उत्तर दिलें. शून्य अंश म्हणजे बर्फ. एप्रिलच्या उन्हाळ्यांत पेटींत बर्फ कोठून असेल, हा साधा प्रश्न आमच्यापैकीं कोणासही सुचला नाहीं.

आतां आमची चिठ्ठी मापकास क्रमांकावरून नव्हे, तर शेजारच्या फाइलींत लिहिलेल्या त्याच्या नांवावरून शोधते. आंकडा न मिळाल्यास ‘माप नाहीं’ अशीं तांबडीं अक्षरें झळकतात. तसेंच उष्णता दर सेकंदास न विचारतां दहा सेकंदांनीं विचारतों, कारण चिठ्ठी चालविणें हेंही यंत्रास काम आहे; नाडी पाहाणारानेंच रोग्यास दमवूं नये.

पालकांस हा भेद नवा वाटणार नाहीं. प्रगतिपुस्तकांत परीक्षेस न आलेल्या मुलापुढें शून्य मांडीत नाहींत, ‘गैरहजर’ असें लिहितात. कारण शून्य हें उत्तर आहे, आणि गैरहजेरी हा प्रश्न आहे. तिघां विद्यार्थ्यांनीं आपला निबंध पुन्हां पहिल्यापासून लिहिला. या वेळीं मात्र दर परिच्छेदानंतर त्यांनीं तो जतन केला, आणि आम्ही शेजारीं उभे राहून आधीं कांटा पाहिला व मग पंख्यास हात लावून वारा येतो कीं नाहीं तेंही पाहिलें.