सायकलचं कुलूप घेताना

पुण्यात क्लासबाहेर, रेल्वे स्टेशनजवळ सायकली लावलेल्या दिसतात, त्यांतल्या बहुतेकींना दीड-दोनशे रुपयांची केबल असते. बाहेरून ती जाड वाटते, पण ती जाडी प्लास्टिकची. आतली तार बारीक असते आणि खिशात मावणाऱ्या कटरने काही क्षणांत तुटते. दुधाच्या पिशवीसाठी दुकानात शिरताना ठीक. दिवसभरासाठी मुळीच नाही. मागच्या चाकाला कायम बसवलेलं कुलूप चाक अडवतं, पण सायकल उचलून टेम्पोत टाकली तर त्याचा काय उपयोग?

कमी पैशांत माझी पसंती यू-लॉकला. त्याचा दांडा कडक केलेल्या पोलादाचा असावा. तो तोडायला मोठा बोल्ट कटर किंवा ग्राइंडर लागतो, आणि तो घेऊन भर रस्त्यात उभं राहणं चोराला परवडत नाही. यू लहानच घ्या: आत मोकळी जागा कमी, म्हणजे पहार घालून पिळायलाही वाव कमी. साखळी हवी असेल तर तीही कडक पोलादाचीच घ्या. हार्डवेअरच्या दुकानातली साधी साखळी सहज कापली जाते.

कुलूप फ्रेम आणि मागचं चाक दोन्हींतून घालून पक्क्या खांबाला लावा. नुसतं पुढचं चाक बांधलं, तर चाक जागेवर राहतं आणि सायकल जाते.

पेडलजवळ फ्रेमखाली कोरलेल्या नंबराचा फोटो आजच काढा आणि बिलासोबत ठेवा. पोलिसांत तक्रार देताना तो लागतो.