पावडर मोजली, वेग मोजलात का?

अमेरिका आणि युरोपात लांब पल्ल्याची रायफल स्पर्धा खेळणारे बरेच नेमबाज काडतुसं स्वतः भरतात. वापरलेली पितळी केस, नवा प्रायमर, पावडर म्हणजे बंदुकीची धूरविरहित दारू, आणि वर गोळी. या चारांपैकी पावडरीबद्दल सगळ्यांत जास्त गैरसमज आहेत.

सर्वांत पक्का समज असा, की प्रत्येक केसमध्ये अगदी दाणा न् दाणा सारखा भरला की नेम आपोआप जुळतो. वजन सारखं हवंच, त्यात वाद नाही. पण लक्ष्यावर परिणाम होतो तो गोळीच्या वेगाचा. गोळी हळू निघाली की हवेत जास्त वेळ राहते आणि जास्त खाली येते. लांब दाण्याच्या पावडरीचा एक दाणा साधारण 0.02 ग्रेनचा असतो, म्हणजे जेमतेम सव्वा मिलिग्रॅम. मध्यम आकाराच्या काडतुसात त्याने वेग सेकंदाला अर्धा मीटरही बदलत नाही. प्रायमरची ठिणगी, केसच्या आतली जागा आणि केसच्या तोंडाची गोळीवरची पकड यांतल्या फरकाने मात्र वेग कित्येक मीटरनी हलू शकतो. 100 आणि 200 यार्डांच्या बेंचरेस्ट (रायफल टेबलावर टेकवून खेळायच्या) स्पर्धांत नेमबाज कित्येक दशकं पावडर न तोलता मापाने भरत आले आहेत आणि त्यांच्या गोळ्या अगदी जवळजवळ लागतात. बारीक दाण्याची पावडर मापातून एकसारखी वाहते म्हणून ते जमतं. लांब दाणे मापात अडकतात, तुटतात. ते तोलूनच भरावेत.

‘डबा त्याच नावाचा, मग पावडरही तीच’ हा समज तर धोक्याचा आहे. लॉट, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेली खेप, बदलला की ज्वलनाचा वेग थोडा बदलतो. नवा लॉट उघडला की कमी मात्रेपासून पुन्हा चाचणी करावी लागते. डबा उघडा राहिला तर पावडर हवेतला ओलावा घेते किंवा सोडते. कोरडी झालेली पावडर जलद जळते आणि दाब वाढतो. वारा थांबायची वाट पाहत काडतूस तापलेल्या नळीत ठेवलं, तरी पावडर गरम होऊन वेग चढतो. घरच्या काट्यावर यातलं काहीच दिसत नाही.

पाच गोळ्या झाडून वेगमापकावर सुंदर आकडे आले, की भरण जमलं असं अनेकांना वाटतं. इथे संख्याशास्त्र आडवं येतं. पाच गोळ्यांतून वेगाचं प्रमाण विचलन, म्हणजे वेग सरासरीभोवती किती पसरतो त्याचं माप, सेकंदाला 3 मीटर आलं, तर खरं विचलन पावणेदोन ते साडेआठ मीटर यांत कुठेही असू शकतं. निदान 20 गोळ्या झाडल्याशिवाय या आकड्यावर विसंबू नये.

महाराष्ट्रात ऑलिंपिक नेमबाजही काडतुसं असंच भरत असतील, असा काहींचा समज असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं, त्या प्रकारात .22 रिमफायर काडतूस लागतं. त्याचा स्फोटक लेप केसच्या कडेतच कारखान्यात बसवलेला असतो, त्यामुळे ते पुन्हा भरण्याजोगं नसतं. वेगाचा हिशेब मात्र तिथेही तोच. सेकंदाला सुमारे 330 मीटरने निघालेली गोळी 50 मीटरवर 12 सेंटिमीटर खाली येते. वेग 10 मीटरने घटला तर आणखी 7 मिलिमीटर. लक्ष्यावरच्या एका वर्तुळाची रुंदी 8 मिलिमीटर आहे, म्हणजे जवळजवळ पूर्ण गुण गेला. म्हणून अव्वल नेमबाज वेगवेगळे लॉट आपल्याच रायफलमधून झाडून बघतात आणि जुळलेल्या लॉटचा साठा घेतात. महागडा डबा प्रत्येक नळीला मानवतोच असं नाही.

आपल्याकडे शस्त्र अधिनियम 1959 नुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे, तेव्हा घरी भरण्याचा विचारही करू नका. तुमच्या हातात आहे ती लॉटची निवड. डब्यावरचा लॉट क्रमांक वहीत टिपा, प्रत्येक लॉट आपल्या रायफलमधून तपासा आणि स्पर्धेच्या दिवशी न तपासलेला डबा उघडू नका.