तात्पर्य विचारू नका

किशोरवयीन मुलं कविता-कथांकडे वळावीत म्हणून पालक आणि शिक्षकांना काय करता येईल

गाडी अडते कुठे

चौथी-पाचवीपर्यंत मुलं गोष्टींवर तुटून पडतात. आठवी-नववीत मात्र ती म्हणतात, "मला वाचायला आवडत नाही." दोष मोबाइलला देऊन आपण मोकळे होतो, पण तो पुरता खरा नाही. तेरा-चौदाव्या वर्षी राजाराणीच्या गोष्टी बालिश वाटू लागतात आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या अजून लांब असतात. त्यातच दहावीचं सावट पडतं. कविता म्हणजे रसग्रहणाचा प्रश्न होतो. कवीचं नाव, विषय, ओळींचा अर्थ आणि शेवटी कविता आवडण्याचं कारण. हे आवडण्याचं कारणसुद्धा गाईडमधून पाठ केलेलं असतं! वर्गातल्या सगळ्यांना एकाच कारणासाठी आवडणारी कविता घरी जाऊन पुन्हा कोण वाचेल?

हाती काय द्यावं

या वयाला स्वतःच्या वयाचं पुस्तक लागतं, आणि मराठीत ते आहे. मिलिंद बोकील यांची 'शाळा' (2004) आणीबाणीच्या काळातल्या नववीतल्या मुलांची आहे. त्यातली मुलं मुलांसारखी बोलतात, प्रेमात पडतात, मास्तरांची टिंगल करतात. काही पालकांना हे खटकतं, पण मुलांना नेमकं तेच आपलं वाटतं. प्रकाश नारायण संतांचा लंपन आईवडिलांपासून दूर, सीमाभागातल्या गावात आजी-आजोबांकडे राहतो. 'वनवास'पासून 'झुंबर'पर्यंतच्या चार पुस्तकांत तो हळूहळू मोठा होतो. त्याची कानडी वळणाची मराठी वाचताना मुलं पहिली पाच पानं अडखळतात आणि मग त्याच्यासारखीच बोलू लागतात. धावतं, साहसी काही हवं असेल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच. विज्ञानाची गोडी असणाऱ्यांना जयंत नारळीकरांच्या कथा द्याव्यात. ज्यांना जाड पुस्तकाची धास्ती वाटते, त्यांच्यासाठी बालभारतीचं 'किशोर' मासिक बरं. ते 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात.

मूल इंग्रजी मालिका किंवा जपानी चित्रकथा वाचत असेल तर तेही वाचनच. तिथे नाक मुरडलं की मराठी पुस्तकाची पाळी येतच नाही.

अर्धवट सोडायची मुभा

डॅनिएल पेनाक हे फ्रेंच लेखक शिक्षकही होते. 1992 साली त्यांनी वाचकाचे दहा हक्क मांडले. पहिला हक्क न वाचण्याचा, दुसरा पानं गाळण्याचा, तिसरा पुस्तक अर्धवट सोडण्याचा. आपल्याकडे 'घेतलं आहेस तर पूर्ण कर' ही शिस्त ताटातल्या भाजीसारखी पुस्तकालाही लावली जाते. ती सोडावी. पुस्तक संपल्यावर 'काय शिकलास?' असंही विचारू नये. विचारायचंच तर 'त्यातलं कोण डोक्यात गेलं?' असं विचारावं. मग गप्पा थांबत नाहीत.

कविता आधी कानावर

छापील कविता गप्प असते, म्हणून ती मोठ्याने म्हणावी. ज्या मुलांना 'कविता कळत नाही' त्यांना रॅपच्या चाळीस ओळी तोंडपाठ असतात. म्हणजे त्यांचा कान तयार आहे. त्यांना पोवाडा ऐकवावा, मग अभंगाची मोजणी दाखवावी. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. जोडाक्षर एकच धरायचं. या साच्यात देवाऐवजी रोजचा दिवस घालून पाहा:

एसटीची वाट
पाहे सारी शाळा
चिखल हा काळा
बुटांवर

थोर कविता नाही ही, पण बोटांवर अक्षरं मोजत मुलं अशी दहा रचतात. 'पावसावर कविता लिहा' म्हटलं की सगळे हिरव्या शालूत अडकतात. बंधन दिलं की लक्ष शब्दांकडे जातं आणि लाजही पळते.

कथेसाठी माणसं शोधावीत

व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' 1949 साली आलं, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. आपल्या मुलखातली माणसं त्यांनी जशी पाहिली तशी उभी केली. मुलांनाही हेच सांगता येतं: रिक्षावाले काका, सोसायटीचा वॉचमन, शेजारची आजी यांतलं एक माणूस घ्या. 'प्रेमळ', 'कष्टाळू' हे शब्द न वापरता ते काय करतं, कसं बोलतं एवढंच लिहा. बोलणं वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी जसं असेल तसं येऊ द्या. लाल पेनाने ते 'शुद्ध' करू नका. परीक्षेतलं कथालेखन तात्पर्यावर संपतं. इथे ते बंद.

लाजाळू मुलांसाठी एक युक्ती आहे. नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. हस्ताक्षर ओळखू नये म्हणून ती पत्नीकडून उतरवूनही घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. वर्गातही टोपणनावाने लिहिलेले कागद एका डब्यात जमवून वाचावेत. हुशार आणि 'ढ' हे शिक्के तेवढ्या वेळापुरते गळून पडतात.

वाचून दाखवल्यावर

1907 साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली. अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं आणि पुढे तेच नाव रूढ झालं. मोठ्यांनी मन लावून ऐकलं, एवढंच त्यात घडलं होतं. आपण 'छान' म्हणून फोनकडे वळतो. त्यापेक्षा एक ओळ निवडून ती का लक्षात राहिली ते सांगावं. शुद्धलेखन नंतर. वही मात्र न विचारता उघडायची नाही. कवितेत मरण, अंधार, एकटेपण आलं म्हणून लगेच घाबरू नये. या वयात ते येतंच. पण तोच सूर टिकला आणि वागणंही बदललं, तर कविता बाजूला ठेवून मुलाशी बोलावं आणि गरज पडल्यास समुपदेशकाकडे न्यावं.

छापण्याची हौस भागवायला शाळेचं हस्तलिखित अजून उत्तम. संपादक, चित्रकार, नकारपत्र लिहिणारे सगळे विद्यार्थीच असावेत. शिक्षकांनी कागद आणि शाई पुरवावी. मुख्याध्यापकांचं मनोगत पहिल्या पानावर नको, जागा उरली तर शेवटी घ्यावं, तेही संपादकांना पसंत पडलं तर.