स्पॅनिशचा 'आ' आणि मराठीचा 'ला'

हुपरी हे चांदीकामाचे गाव. स्पॅनिश भाषेत चांदीला 'प्लाता' आणि चांदीचे काम करणाऱ्या कारागिराला 'प्लातेरो' म्हणतात. वीस देशांची राजभाषा असलेली ही भाषा शिकू लागणाऱ्यास पहिल्याच धड्यांत एक एकाक्षरी अव्यय भेटते : 'आ'. मराठी विद्यार्थ्याने त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. त्याचे बरेचसे कार्य आपला 'ला' हा प्रत्यय नित्य करीत असतो.

'बोय आ कोल्हापूर' म्हणजे 'मी कोल्हापूरला जातो'. 'दोय एल लिब्रो आ मि माद्रे' म्हणजे 'मी आईला पुस्तक देतो'. पहिल्या वाक्यात 'आ' जाण्याचे ठिकाण दाखवतो, दुसऱ्यात ज्या व्यक्तीस दिले ती व्यक्ती. भेद इतकाच, की 'आ' नामापूर्वी येतो आणि नामाचे रूप तसेच राहते. 'ला' नामाच्या शेवटी जडतो आणि त्याआधी नामाचे सामान्यरूप होते, जसे 'कारागीर', 'कारागिराला'.

खरे साम्य याहून सूक्ष्म आहे. 'मी घर पाहतो' या वाक्यात कर्माला प्रत्यय नाही. 'मी भावाला पाहतो' यात आहे. स्पॅनिशमध्येही 'बेओ ला कासा', परंतु 'बेओ आ मि एर्मानो'. कर्म निर्जीव असेल तर 'आ' सामान्यतः लागत नाही. ओळखीची व्यक्ती असेल तर लागतो.

आता पुढील दोन वाक्ये पाहा. 'बुस्को उन प्लातेरो' : मी कारागीर शोधतो आहे, काम जाणणारा कोणीही चालेल. 'बुस्को आ उन प्लातेरो' : मी एका कारागिराला शोधतो आहे, तो कोण, हे माझ्या मनात निश्चित आहे. मराठीतही 'ला' येताच अर्थ असाच पालटतो.

स्पॅनिशचा 'आ' लॅटिनमधील 'आद' या शब्दापासून आला. 'ला' त्याचा सगोत्र नव्हे. शालेय व्याकरणात तो द्वितीया आणि चतुर्थी अशा दोन्ही विभक्तींत शिकवला जातो. कूळ निराळे असूनही दोन दूरच्या भाषांनी मनुष्य आणि वस्तू यांतील भेद एकाच रीतीने जपला आहे.

हा नियम पाठ करण्यापेक्षा वसतिगृहातील एक प्रसंग आठवावा. सायंकाळी गृहपाल मुले मोजतात; तेथे 'ला' नाही, कारण ती केवळ संख्या असते. एक जागा रिकामी दिसताच मात्र ते त्या मुलाला शोधू लागतात. संख्येतून एक मूल वेगळे झाले, त्याला नाव आणि चेहरा आला, की भाषा आपोआप 'ला' म्हणते. स्पॅनिश भाषक त्याच ठिकाणी 'आ' म्हणतो.