चेन्नईच्या परसबागेतील रानफुले

चेन्नईच्या रोपवाटिकांत ‘ब्लू डेझ’ या नावाने विकले जाणारे निळ्या फुलांचे रोप मूळचे ब्राझीलचे. त्याच प्रजातीकुळातील भारतीय विष्णुक्रांता, शास्त्रीय नावाने इव्हॉल्व्हुलस अल्सिनॉइडिस, शहरातील मोकळ्या भूखंडांवर व मुरमाड कडांवर आपोआप उगवते आणि बाग साफ करताना तण म्हणून उपटली जाते. तिचे फूल नखाएवढे असले तरी निळाई गडद असते; सकाळी उमलून ते दुपारपर्यंत मिटते. पसरट कुंडीत वाळू व बारीक खडी मिसळलेली माती आणि भरपूर ऊन एवढेच तिला पुरते. अधिक पाणी दिल्यास मात्र मुळे कुजतात.

पाण्याचा हा हिशेब चेन्नईत गौण नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणारे पूंडी, चोळवरम, रेड हिल्स व चेंबरंबाक्कम हे जलाशय जवळजवळ कोरडे पडले होते. पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या घराने हिरवळीचे काय करावे, हा प्रश्न तेव्हा उरलाच नाही. येथील पावसाचा मोठा भाग ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. त्यानंतर कोरडे महिने, किनाऱ्यालगतची रेताड जमीन आणि खारे वारे. या परिस्थितीत टिकणाऱ्या वनस्पती एक तर खोल मुळे सोडतात, नाही तर बी वा कंदाच्या रूपाने कठीण काळ झोपून काढतात. महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागांतही यांपैकी अनेक वनस्पती आढळत असल्याने तेथील बागप्रेमींनाही हा अनुभव उपयोगी ठरावा.

खोल मुळांचे उत्तम उदाहरण म्हणजे तरवड. तमिळमध्ये त्यास ‘आवारम’ म्हणतात. त्याची साल कातडी कमावण्यासाठी वापरली जात असे व मद्रासच्या चर्मोद्योगाचा ती मोठा आधार होती. आज हे झुडूप रस्त्याकडेला धूळ खात उभे असते. तमिळनाडूच्या पश्चिम भागात पोंगलच्या वेळी कडुनिंबाच्या डहाळीसोबत तरवडाची पिवळी फुले व कपूरमाधुरीचे पांढरे तुरे दाराला बांधतात. म्हणजे सणापुरती ही ‘तणे’ घरात मानाने येतात. तरवडाचे बी कठीण कवचाचे असल्याने गरम पाण्यात रात्रभर भिजवून, शक्यतो कायमच्या जागीच पेरावे. सोटमूळ दुखावलेले रोप सहसा जोम धरत नाही. कॅटोप्सिलिया प्रजातीतील फुलपाखरांच्या अळ्या त्याची पाने खातात. पाने कुरतडलेली दिसताच फवारणीचा पंप उचलण्याची घाई करू नये, कारण झाड पुन्हा फुटते आणि फुलपाखरे बागेतच राहतात.

दुसरा मार्ग, म्हणजे झोपून काढण्याचा, कळलावीचा. तमिळनाडूचे हे राज्यपुष्प ‘सेंगांदळ’ होय. ‘कुरिंजिप्पाट्टु’ या प्राचीन तमिळ काव्यातील नव्व्याण्णव फुलांच्या यादीत पहिले नाव तिचेच आहे. पानाचे टोक तणाव्यासारखे वळते व त्याच्या आधारे वेल चढते. पाकळ्या आधी पिवळसर हिरव्या, मग ज्वालेसारख्या तांबड्या होतात. नांगराच्या आकाराच्या कंदावरून तिला संस्कृतात लांगली म्हणतात. हा कंद निचऱ्याच्या मातीत आडवा, फार खोल न जाता लावावा व वेलीस आधार द्यावा. बी धरल्यावर वेल सुकते. रोप मेले असे समजून कुंडी रिकामी करण्याची चूक येथेच होते. पाणी थांबवून कंद तसाच राहू द्यावा.

मात्र कळलावी सर्वांगाने विषारी आहे. तिच्यातील कोल्चिसिन संधिवाताच्या एका प्रकारावरील औषधात वापरले जाते, पण कंद रताळे समजून खाल्ल्याने मृत्यूही ओढवले आहेत. लहान मुले वा पाळीव जनावरे असलेल्या घरी ती लावू नये. इतरांनीही हातमोजे घालूनच कंद हाताळावा. रानातील कंद खणू नयेत. तिरुप्पूर जिल्ह्यातील धारापुरम व मूलनूर भागात शेतकरी बियांसाठी तिची लागवड करतात. लागवडीचाच कंद मिळवावा.

समुद्रालगतच्या घरांसाठी मर्यादवेल आहेच. वाळू धरून ठेवणारी, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची व जांभळट फुलांची ही वेल कुंडीत मात्र मावत नाही.

रानटी ते सारे बागेत आणावे, असा याचा अर्थ नव्हे. घाणेरी १८०९ मध्ये कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठीच आली आणि पुढे देशभरच्या जंगलांत शिरली. जलपर्णीचे जांभळे तुरेही असेच आवडले होते. आज ती अडयार व कूवम नद्यांचे पात्र झाकते. सदाफुली मादागास्करची असूनही चेन्नईच्या वाळूत रुळली आहे व सहसा उपद्रव देत नाही, परंतु तिच्यावरून सर्वच परक्यांना मोकळीक देणे धोक्याचे. रोप आणण्यापूर्वी ते मूळचे कुठले, आणि कुंपणाबाहेर गेल्यास आवरेल का, एवढे तरी पाहावे.

बी गोळा करताना गिंडी राष्ट्रीय उद्यानासारखी संरक्षित क्षेत्रे वर्ज्य मानावीत. बांधकामासाठी साफ होऊ घातलेला भूखंड हे त्याहून चांगले ठिकाण. मालकाची परवानगी घेऊन शेंगा पूर्ण वाळल्यावर तोडाव्यात आणि काही तेथेच सोडाव्यात. चेन्नईत पेरणी ऑक्टोबरच्या पावसाआधी, महाराष्ट्रात मृगाच्या सुमारास करावी.