भूराजकीय जोखीम आणि संरक्षण खर्च : १९६२ च्या भारतीय अनुभवाच्या संदर्भात

प्रस्तावना :
बाह्य धोका वाढला की शासनाचा संरक्षण खर्च वाढतो, हे विधान वरकरणी स्वयंसिद्ध वाटते. परंतु धोका केव्हा वाढला आणि खर्च केव्हा वाढला, हे तपासले असता दोहोंत अंतर आढळते. हे अंतर का पडते आणि त्याची किंमत कोणास मोजावी लागते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना :
युद्ध, दहशतवाद व राष्ट्राराष्ट्रांतील तणाव यांमुळे शांततापूर्ण संबंध बिघडण्याचा संभव म्हणजे भूराजकीय जोखीम होय. कालदारा व याकोविएल्लो या अर्थशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये मांडलेला निर्देशांक वृत्तपत्रांतील संबंधित मजकुराच्या प्रमाणावरून ही जोखीम मोजतो. त्यात 'धोक्याची चाहूल' आणि 'प्रत्यक्ष घटना' असा भेद केला आहे. शासनव्यवहार समजून घेण्यास हा भेद उपयुक्त ठरतो.

भारताचा अनुभव :
१९५९ मध्ये लोंगजू व कोंगका खिंड येथे चिनी सैन्याशी चकमकी झाल्या. धोक्याची चाहूल स्पष्ट होती. तथापि परकीय चलनाची टंचाई, विकासाला दिलेले अग्रस्थान आणि चीन मोठे युद्ध करणार नाही हा विश्वास यांमुळे तरतुदीत मोठी वाढ झाली नाही. १९६१-६२ मध्ये संरक्षण खर्च सुमारे ३१२ कोटी रुपये, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आसपास होता. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२ च्या युद्धानंतर चित्र पालटले. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्याकडे संरक्षण खाते आले. १९६३-६४ मध्ये खर्च ८०० कोटींच्या वर गेला व राष्ट्रीय उत्पन्नातील त्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले.

हा भार समाजावर पडला. १९६३ च्या अंदाजपत्रकात मोरारजी देसाई यांनी अधिनफा कर व सक्तीची ठेव योजना आणली. त्याच वर्षीच्या सुवर्ण नियंत्रणाने चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास मनाई केली. असंख्य सुवर्णकारांचा रोजगार बुडाला.

युद्ध थांबले तरी खर्च पूर्वपातळीवर उतरला नाही. उभारलेल्या पर्वतीय डिव्हिजनांचे वेतन, निवृत्तिवेतन व देखभाल हे कायमचे दायित्व ठरले. शिवाय, एका राष्ट्राची सज्जता शेजाऱ्याला धोका वाटते. भारताचे सामर्थ्य पूर्ण वाढण्यापूर्वीच कृती करावी, हा विचार पाकिस्तानच्या १९६५ च्या निर्णयामागे होता, असे अनेक अभ्यासक मानतात. अर्थात खर्च हा जोखमीचा परिणाम असतो, तसाच तो तिचे कारणही ठरू शकतो.

निष्कर्ष :
शासन चाहुलीला उशिरा व घटनेला तीव्र प्रतिसाद देते, आणि वाढलेला खर्च सहसा टिकून राहतो. म्हणून संरक्षण तरतुदीचे मूल्यमापन केवळ रकमेवरून न करता, ती चाहुलीच्या काळात नियोजनपूर्वक झाली की संकटानंतर घाईने, यावरूनही व्हावे. घाईने केलेल्या तरतुदीचा भार बहुधा ज्यांचा त्या निर्णयाशी संबंध नसतो, त्यांच्याच वाट्याला येतो.