टाळी वाजवा, लसावि काढा!

पाचवी-सहावीच्या वर्गाचे दोन गट करा. एका गटाला सहा मात्रांचा दादरा द्या, दुसऱ्याला आठ मात्रांचा केरवा. लय एकच, टाळी मात्र ज्याची त्यानं आपल्या समेवरच द्यायची. पहिली टाळी एकत्र पडते, मग दोन्ही गट पांगतात आणि पंचविसाव्या मात्रेला पुन्हा एकदम कडाड! दादऱ्याची चार आवर्तनं झाली, केरव्याची तीन. सहा आणि आठचा लसावि २४. फळ्यावर न सापडलेला लसावि असा कानावर येऊन आदळतो.

गणिताचा पोर्शन राहिला की संगीताचा तास गणिताला देऊन टाकायची आपल्याकडे रीतच आहे. वाईट वाटतं, कारण संगीताच्या तासाला निम्मं गणितच चाललेलं असतं. तबल्याची लयकारी घ्या. दीडपट म्हणजे आड, सव्वापट म्हणजे कुआड, पावणेदोनपट म्हणजे बिआड. दोन मात्रांत तीन बोल नीट बसवणाऱ्या पोराला तीन छेद दोन वेगळा शिकवायचा तो काय? जुन्या शाळांत तर सवायकी, दिडकी आणि साडेतीनची औटकी मुलं चालीवर म्हणायची.

आता मराठीचा तास. वृत्तं आली की वर्ग जांभया देतो. तिथे वही मिटून हात पुढे करायला सांगा. लघू म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन. तीन मात्रा किती तऱ्हांनी भरतील? लघू-लघू-लघू, लघू-गुरू, गुरू-लघू : तीन. चार मात्रा? मुलं बाकावर वाजवून शोधतात आणि पाच तऱ्हा निघतात. पाच मात्रांच्या आठ, सहाच्या तेरा. १, २, ३, ५, ८, १३... आधीच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या! कारण सोपं आहे : शेवटी लघू असेल तर आधी एक मात्रा कमी उरते, गुरू असेल तर दोन. जग या मालिकेला फिबोनाचीची म्हणतं. त्याचा ग्रंथ १२०२ सालचा. गुजरातचे आचार्य हेमचंद्र बाराव्या शतकाच्या मध्यालाच छंद मोजता मोजता इथे पोहोचले होते, आणि विरहांक त्यांच्याही आधी. हे आठवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला माहीत असायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

विज्ञानाला एक काचेची बाटली पुरते. अर्धी भरून चमच्यानं वाजवा, मग आणखी पाणी ओता : आवाज खाली उतरतो. त्याच बाटलीच्या तोंडावर फुंकर मारा : पाणी वाढवाल तसा आवाज वर चढतो! चमच्यानं काच थरथरते आणि पाण्याच्या भारानं मंदावते. फुंकरीनं आतली हवा थरथरते आणि पाणी वाढलं की हवेचा खांब आखूड होतो.

तबल्यावरची काळी शाई शोभेची नव्हे. साध्या ढोलाचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत; शाईच्या वजनामुळे ते पटीत येतात आणि तबला सुरात बोलतो. हे सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत १९२० साली मांडलं, नोबेलच्या दहा वर्षं आधी.

भूगोलालाही वाटा आहेच. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूरकडच्या मळ्यांतला, कारागिरी मिरजेची. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नकाशावर मिरज दाखवताना वर्गात एक तंबोरा छेडला तर ते गाव कोण विसरेल? तारेच्या बरोबर मध्यावर बोट टेकवलं की वरचा सा मिळतो, म्हणजे जाता जाता भूमितीही झाली.

उद्याच्या तासाला रूपक आणि झपताल घ्या, सात आणि दहा मात्रांचे. दोघांची सम पुन्हा कितव्या मात्रेला भेटेल? आधी मुलांना अंदाज करू द्या, मग टाळ्या सुरू करा.